पंधरा वर्षांची लक्झरी गाडी ठेवायची ठरवली: गॅरेजपासून आरटीओपर्यंतचा अनुभव

आमच्या गाडीच्या आरसीची मुदत ऑगस्ट २०२४ ला संपत होती. जर्मन सेडान, तीन लिटरचं व्ही-६ डिझेल इंजिन, सात गिअरचा ऑटोमॅटिक, पहिली नोंदणी ऑगस्ट २००९ ची, बाबांनी २०१५ ला सेकंडहँड घेतलेली आणि तेव्हापासून घरातच. फेब्रुवारीपासूनच घरात विषय सुरू झाला की आता हिचं करायचं काय, विकायची, स्क्रॅपला द्यायची की पुन्हा पासिंग करून ठेवायची, आणि नीट माहिती कोणालाच नव्हती, जो तो ऐकीव सांगत होता. कोणी म्हणे पंधरा वर्षांनंतर गाडी चालवताच येत नाही, कोणी म्हणे चाळीस हजार फी आहे. आता सगळं होऊन बरेच महिने झालेत, कागद फाइलला लागलेत, म्हणून सविस्तर लिहितेय, कोणाला तरी उपयोग होईल.

आधी विकायचंच बघितलं. दोन लाखांच्या वर कोणी जाईना, आणि तेही पासिंग तुम्ही करून द्या म्हणत होते. स्क्रॅपचा भाव तर बहुतेक लोखंडाच्या वजनावरच धरतात, आत लेदर आहे की एअरबॅग आठ आहेत याला तिथे काही किंमत नाही. बाबांना ती गाडी सोडवत नव्हती, आणि मलाही, हायवेला ती ज्या शांतपणे चालते तसं आज त्या पैशात काहीच मिळत नाही. गाडी पहिल्यापासून महाराष्ट्राच्याच पासिंगची होती हे एक बरं होतं. दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा लागल्यापासून तिकडच्या अशा गाड्या स्वस्तात इकडे येतात, त्यात एनओसी, इथला टॅक्स, नवीन नंबर हे सगळं आणखी वाढतं, त्यामुळे तशी गाडी घेणार असाल तर ते पैसे आधीच मोजून ठेवा.

ठेवायची तर तिच्यात नक्की काय काय झालंय ते आधी कळायला हवं, म्हणून मार्चमध्ये पहिला खर्च केला तो फक्त तपासणीवर. दुरुस्ती काहीच नाही, गाडी लिफ्टवर घ्या, सगळं बघा आणि लिहून द्या, याचे साडेतीन हजार. पूर्ण प्रकरणात सगळ्यात कामाला आलेले पैसे ते हेच. यात स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) कोणता आहे ते विचारा. साधा ओबीडी स्कॅनर मुख्यतः इंजिनाचे कोड दाखवतो, आणि या गाड्यांत गिअरबॉक्स, ब्रेक, एअरबॅग, दारं, सीट अशा प्रत्येकाचं वेगळं मॉड्यूल, म्हणजे छोटा कंप्युटर, असतो, त्या सगळ्यांशी बोलणारा स्कॅनर लागतो. आणि रिपोर्टचं प्रिंटआउट मागून घ्या.

आमच्या रिपोर्टमध्ये भरपूर निघालं. ऑइल कूलरच्या सीलमधून गळती, पुढच्या लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या दांड्याची रबरं) फाटलेले, इंजिन माउंट (इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी आधार) बसलेले, गिअरबॉक्सचं तेल काळं, पुढच्या डिस्क झिजलेल्या, बॅटरी मरायला टेकलेली, टायर जुने, सनरूफच्या ड्रेनमध्ये कचरा, शिवाय मागच्या दाराचा सॉफ्ट क्लोज (दार आपोआप ओढून घट्ट लावणारी सोय) बंद, एक सीट हीटर बंद वगैरे. हा कागद घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो, तिथलं एस्टिमेट आलं पावणेपाच लाख. स्वतंत्र गॅरेजवाल्या दादांचं आलं दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास. सर्व्हिस सेंटरला मी दोष देत नाही, ते बहुतेक ठिकाणी अख्खी असेंब्ली बदलतात आणि कामाची वॉरंटी देतात, पण गाडीच्या किमतीच्या दुपटीहून जास्त खर्च एकदम करणं आम्हाला शक्य नव्हतं.

मग दादांबरोबर बसून यादीचे तीन भाग केले. ज्याने जीवाला धोका ते आधी, म्हणजे ब्रेक, बुश, टायर. ज्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढे दहापट खर्च येईल ते त्यानंतर, म्हणजे तेलगळती, गिअरबॉक्सचं तेल, पाणी आत येणं. आणि नुसत्या सोयीचं ते शेवटी, परवडलं तर. सीट हीटर अजूनही बंदच आहे आणि आमचं काही अडलेलं नाही.

ऑइल कूलरबद्दल जरा जास्त लिहिते कारण जुन्या लक्झरी गाडीचं सगळं गणित त्या एका कामात कळतं. या इंजिनात ऑइल कूलर व्हीच्या मधोमध, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या खोबणीत बसवलेला आहे, वर टर्बो, इनटेक मॅनिफोल्ड, पाइप, वायरिंग. सील काही शे रुपयांची, पण तिथपर्यंत पोचायला अर्धं इंजिन वरून मोकळं करावं लागतं. त्यामुळे पार्ट स्वस्त आणि मजुरी जबरदस्त. मी मुद्दाम काम बघायला गेले होते. दादांनी जुनी सील हातात दिली, मूळची केशरी पण पार काळवंडलेली, एका बाजूने सपाट झालेली, बोटाने दाबली तर जराही दबत नव्हती आणि नखाने ओरखडा काढला तर पूड निघत होती. नवीन जांभळी, वेगळ्या रबराची, जास्त उष्णता सोसणारी, चिमटीत धरली तर लुसलुशीत. पंधरा वर्षं गरम तेलाच्या संगतीत राहून रबराचं असंच होतं, आणि अशी रबरं गाडीत सगळीकडे आहेत. जुन्या गाडीत लोखंड सहसा दगा देत नाही, रबर, प्लॅस्टिक आणि वायरचं इन्सुलेशन जातं, हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

उघडलंच आहे तर त्या भागातलं अजून काय करून घ्यायचं हे आधीच ठरवा, कारण मजुरी पुन्हा द्यावी लागते. आम्ही टर्बोच्या इनटेकची सील, ब्रीदरचे पाइप, इनटेक मॅनिफोल्डची गॅस्केट, थर्मोस्टॅट आणि ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन चालू व्हायला आत गरम करणारे प्लग) त्याच वेळी बदलले. इनटेकच्या सीलमधून तेल झिरपून खालच्या स्वर्ल फ्लॅपच्या (आत जाणारी हवा फिरवणाऱ्या झडपांच्या) मोटरवर पडतं आणि ती मोटर जाते, म्हणून ती छोटी सील सोडू नका. ग्लो प्लग कधीही थंड इंजिनात जोर लावून काढू देऊ नका, आत तुटला तर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवायची पाळी येते, इंजिन गरम करून हळूहळू सोडवावे लागतात. या पूर्ण कामाचे पार्ट अडतीस हजार आणि मजुरी पंचेचाळीस हजार झाली.

पार्टची वाट बघणं हा वेगळाच प्रकार. एप्रिलचा बराचसा महिना त्यातच गेला, गाडी गॅरेजमध्ये उघडी पडलेली आणि दोन पाइप बाहेरून यायचे. प्रत्येक पार्ट सतरा अंकी-अक्षरी चासी नंबरावरूनच मागवायचा, मॉडेल आणि वर्ष सांगून अजिबात नाही, कारण एकाच वर्षात मधेच डिझाइन बदललेलं असतं. आणि सगळं मूळ कंपनीच्याच डब्यातलं घ्यायची गरज नसते. बऱ्याचदा तोच पार्ट लेमफर्डर, एलरिंग, बॉश, माले यांच्याकडून बनून येतो आणि त्यांच्या स्वतःच्या डब्यात तो बराच स्वस्त मिळतो. फक्त विश्वासाच्या दुकानातून घ्या, डबे हुबेहूब नकली मिळतात. वापरलेले पार्ट म्हणाल तर काच, हँडल, स्विच, आतलं ट्रिम खुशाल घ्या, आम्ही दाराचं एक स्विच पॅनल असंच घेतलं. पण ब्रेक, सस्पेन्शन, रबर, एअरबॅग यातलं काहीही वापरलेलं घेऊ नका, दोन पैसे वाचतात पण त्यावर घरची माणसं बसणार असतात.

मे महिन्यात बाकीचं झालं. लोअर आर्म आणि बुश छत्तीस हजार, इंजिन माउंट अठ्ठावीस, पुढच्या डिस्क-पॅड एकतीस. गिअरबॉक्सचं तेल, फिल्टर आणि पॅनची गॅस्केट चोवीस हजार. हे तेल आयुष्यभर बदलायचं नाही असं खूप जण सांगतात, मला ते पटत नाही. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः तिच्या ऑटोमॅटिकसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं असं सांगते, आमचा गिअरबॉक्स त्यांचा नाही पण तेल शेवटी तेलच. त्याची लेव्हल ठराविक तापमानालाच मोजायची असते, स्कॅनरवर तापमान बघत, त्यामुळे ज्याच्याकडे ती सोय आहे त्याच्याकडेच करा. तेल बदलल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला झटका गेला.

बॅटरीचं मात्र सगळ्यांनी वाचा. आमच्याकडे अधूनमधून डॅशबोर्डवर ब्रेकचा, एअरबॅगचा, सस्पेन्शनचा असे वेगवेगळे दिवे लागायचे, परत विझायचे. एकाने तर मॉड्यूलच बदलायला सांगितलं होतं, साठ हजार. दादांनी आधी व्होल्टेज बघितलं, स्टार्ट मारताना पार खाली जात होतं. नवीन ९५ अँपियर-अवरची एजीएम बॅटरी टाकली, एकोणीस हजार, अर्थिंगचे पॉइंट घासून साफ केले, आणि सगळे दिवे गेले. या गाड्यांत व्होल्टेज कमी पडलं की मॉड्यूल एकमेकांना भलतेसलते निरोप द्यायला लागतात, म्हणून महागड्या इलेक्ट्रॉनिक्सला हात लावायच्या आधी बॅटरी, अल्टरनेटर आणि अर्थिंग तपासून घ्या. गाडी लॉक केल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने करंट मोजायला सांगा, सगळी मॉड्यूल झोपली असतील तर साधारण ५० मिलीअँपियरच्या आत यायला हवा. जास्त येत असेल तर रात्रभर काहीतरी बॅटरी खातंय.

टायर चारही बदलले, बावन्न हजार. नक्षी भरपूर शिल्लक होती पण बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा पडल्या होत्या. टायरवर DOT अशी अक्षरं असलेल्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात, २२१६ असेल तर २०१६ सालचा बाविसावा आठवडा. नवीन घेतानाही हे आकडे बघूनच घ्या.

गाडीचं काम चालू असतानाच कागदांचं सुरू केलं होतं, आणि तेच खरं लांबलं. २०१५ चं कर्ज केव्हाच फिटलेलं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. हा बोजा (हायपोथिकेशन) काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. जुनी एनओसी सापडली, पण तिची मुदत कधीच संपलेली, या एनओसीची मुदत बहुतेक तीन महिनेच असते. नवीन मागितली तर शाखा दुसरीकडे विलीन झालेली, जुनं खातं सिस्टीममध्ये दिसेना, मग अर्ज, मग आठवणीची मेल, मग पुन्हा मेल. जवळजवळ पाच आठवडे त्यात गेले. बाबा रोज जेवताना विचारायचे काय झालं म्हणून, आणि माझ्याकडे सांगायला काही नसायचं, त्या दिवसांत खरंच वाटलं होतं की द्यावी गाडी विकून आणि मोकळं व्हावं. शेवटी तक्रार निवारण विभागाला मेल टाकली तेव्हा हललं. तुमचं कर्ज फिटलं असेल तर आजच आरसी काढून बोजा उतरलाय का बघा, पासिंगच्या वेळेपर्यंत थांबू नका.

दुसरं म्हणजे परिवहनच्या पोर्टलवर बाबांचा मोबाइल नंबर जुना होता. सगळे ओटीपी मालकाच्या नंबरवर जातात, त्यामुळे तो आधी बदलून घ्यावा लागला. चासी नंबरचे शेवटचे पाच अंक, इंजिन नंबर, आधारवरचं आणि आरसीवरचं नाव, सगळं जुळतंय का तेही तेव्हाच बघून घेतलं.

नूतनीकरणाचा अर्ज फॉर्म २५ वर असतो आणि मुदत संपायच्या आधी साठ दिवसांच्या आतच करता येतो, त्यामुळे आमचा जूनमध्ये भरला. फीबद्दल जी चाळीस हजारांची भीती होती ती अशी, १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खाजगी कारची नूतनीकरण फी ५,००० झाली आणि इम्पोर्टेड गाडीची ४०,०००. आमची परदेशी ब्रँडची असली तरी भारतात जुळणी झालेली, म्हणून ५,००० च लागले. तुमची गाडी रेकॉर्डला कशी नोंदलीय ते आरसीच्या तपशिलात बघून घ्या. याशिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर, तेव्हा डिझेल कारला पाच वर्षांचे ३,५०० आणि पेट्रोलला ३,००० होता. मुदत उलटली तर दर महिन्याला ५०० दंड चढतो. (२०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी आणखी वाढलीय, ज्यांच्या गाड्या त्या वयाच्या आहेत त्यांनी ती बघावी.)

पीयूसीला धाकधूक होती. आमची बीएस-३ (प्रदूषणाच्या जुन्या नियमांतली) डिझेल, तिला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धूर मोजायचं एकक), आणि सर्टिफिकेट सहाच महिन्यांचं मिळतं. एअर फिल्टर नवीन टाकला, आधी हायवेला मोठा फेरा मारून इंजिन चांगलं गरम केलं आणि मगच गेलो, आरामात पास झाली.

तपासणीचा दिवस जुलैच्या मध्यावर मिळाला, भर पावसात. त्याच्याआधी सनरूफचं काम करून घेतलं हे फार बरं झालं. छताच्या कोपऱ्यांतून खाली जाणाऱ्या बारीक नळ्या पानांनी तुंबल्या की पाणी छताच्या अस्तरातून कार्पेटखाली जातं, आणि तिथे वायरिंग आणि मॉड्यूल असतात. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी हळूहळू आत सरकवून साफ करतात, हवेचा प्रेशर मारू देऊ नका, नळी जोडावरून निसटते आणि मग अख्खं अस्तर उतरवावं लागतं. दर मे महिन्यात हे करून घ्या.

आरटीओला सकाळी लवकर गेलो. ओरिजिनल आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, फीची आणि कराची पावती, आधार, पॅन आणि सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन. मोटार वाहन निरीक्षकांनी दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर, सीटबेल्ट बघितले, नंबरप्लेट बघितली, काचा बघितल्या. आधीच्या मालकाने लावलेली काळी फिल्म आम्ही घेतल्या घेतल्याच काढली होती, २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर ती चालतच नाही. मग चासी नंबर. तो आमच्या गाडीत पुढच्या सीटखाली कार्पेटच्या झडपेखाली कोरलेला आहे. आम्ही घरीच जागा शोधून, ब्रशने साफ करून, पेन्सिलने कागदावर प्रिंट घेऊन ठेवली होती, त्यामुळे पाच मिनिटांत झालं. शेजारच्या रांगेतले एक काका बिचारे अर्धा तास बोनेटमध्ये शोधत होते, त्यांना जागा दाखवायला बाबाच गेले. एजंट आम्ही केला नाही. वेळ असेल तर खरंच लागत नाही, फक्त कागद पूर्ण हवेत.

नवीन आरसी पोस्टाने यायला ऑगस्ट उजाडला, मुदत ऑगस्ट २०२९ पर्यंत. पाकीट बाबांनी स्वतः उघडलं आणि लगेच तिचा फोटो काढून माझ्या काकांना पाठवला.

इन्शुरन्सबद्दल एक महत्त्वाचं. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे इन्शुरन्ससाठी धरलेली गाडीची किंमत, कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची असते, म्हणजे बोलायला वाव असतो. प्रीमियम कमी व्हावा म्हणून ती फार खाली आणू नका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस (दुरुस्त न करता पूर्ण गेलेली) धरतात, आणि या गाड्यांत एक झेनॉन हेडलाइट, बंपर, बोनेट आणि रेडिएटर धरला तरी दोन लाखांची आयडीव्ही पुरत नाही. साध्या धडकेत चांगली गाडी हातची जाईल. आम्ही भांडून चार लाख लावून घेतली. नुसती थर्ड पार्टी घ्यायची तर १,५०० सीसीवरच्या कारला ७,८९७ अधिक जीएसटी, पण मला तेवढ्यावर ही गाडी रस्त्यावर काढायला धीर होत नाही. प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्टवर क्लेममध्ये ५० टक्के घसारा कापतात आणि झिरो डेप (घसारा न कापणारी पॉलिसी) या वयाला सहसा मिळत नाही, तेही धरून चाला.

त्यानंतर २०२५ मध्ये एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) लावून घेतली, १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागते, कारला ७४५ अधिक जीएसटी. अपॉइंटमेंटच्या तारखा तेव्हा लवकर मिळत नव्हत्या.

आता गाडी रोज नाही, आठवड्यातून दोन-तीनदा आणि लांबच्या प्रवासाला बाहेर पडते. डिझेल शहरात नऊ-दहा आणि हायवेला चौदाच्या आसपास देते. इंजिन ऑइल साधारण साडेआठ लिटर लागतं आणि ते दर वर्षी किंवा दहा हजाराला बदलतो, जे आधी होईल ते. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. कूलंट रंग बघून नाही, कंपनीच्या स्पेसिफिकेशनचा नंबर बघून घेतो. दर महिन्याला सहा हजार वेगळ्या खात्यात टाकतो आणि गाडीवरचा प्रत्येक खर्च किलोमीटर आणि तारीख टाकून वहीत लिहितो, बाबांचं अक्षर चांगलं म्हणून वही त्यांच्याकडे. गेल्या वर्षी त्या खात्यातून साधारण पंचावन्न हजार गेले, मोठं काही निघालं नाही. सध्या एसी कॉम्प्रेसरच्या बेअरिंगचा आवाज यायला लागलाय, दादा म्हणाले उन्हाळ्याच्या आधी करून घेऊ, चासी नंबर देऊन पार्ट मागवलाय.